शांतिमोहिमेवर जायचंय? महिलांसाठी पहिल्या पायरीपासून

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भरती कधी निघते, असं मुली हमखास विचारतात. उत्तर ऐकून अनेकींचा विरस होतो, कारण ही भरती निघतच नाही. संयुक्त राष्ट्रांचं स्वतःचं सैन्य नाही आणि पोलीस दलही नाही. निळं हेल्मेट घालून उभी असलेली प्रत्येक सैनिक कुठल्या ना कुठल्या देशाच्या लष्करात किंवा पोलिसांत नोकरीला असते. तिचं सरकार तिला ठरावीक मुदतीसाठी मोहिमेवर धाडतं आणि मुदत संपली की ती मूळ पलटणीत परत येते.

त्यामुळे खरी अडवणूक न्यूयॉर्कच्या मुख्यालयात होत नाही, ती होते आपल्याच खात्यात, नावांची यादी जिथे तयार होते त्या टेबलावर. परिपत्रक आलं तेव्हा ते तुमच्यापर्यंत पोचलं का? वरिष्ठांनी तुमचं नाव पुढे पाठवलं का? आणि चाचणीच्या दिवशी गाडीवर हात बसलेला होता का? सगळा खेळ या तीन प्रश्नांवर आहे. बाकीची माहिती कुठेही मिळते. म्हणून या लेखात भर आहे तो यादीत नाव लागण्याआधी करायच्या तयारीवर.

आधी दार ठरवा

लष्करातून जाण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे अख्ख्या तुकडीबरोबर जाणं. पायदळाची, अभियंत्यांची, वैद्यकीय किंवा सिग्नलची तुकडी देश पाठवतो आणि त्यात तुमचा नंबर लागतो. दुसरा मार्ग एकटीने जाण्याचा, लष्करी निरीक्षक किंवा मुख्यालयातली स्टाफ ऑफिसर म्हणून. निरीक्षक नि:शस्त्र असतात. युद्धविराम पाळला जातोय का हे पाहायचं, दोन्ही बाजूंच्या लोकांशी बोलायचं आणि अहवाल लिहायचा, हे त्यांचं काम. यासाठी साधारणपणे कॅप्टन ते लेफ्टनंट कर्नल या हुद्द्याचे अधिकारी घेतात आणि वय किमान २५ लागतं. तुकडीतल्या सैनिकाचं वय शक्यतो २१ च्या वर असावं, १८ च्या खाली तर कधीच चालत नाही.

पोलिसांतही असेच दोन मार्ग आहेत. एफपीयू, म्हणजे फॉर्म्ड पोलीस युनिट, ही साधारण १४० जणांची सज्ज तुकडी असते. जमाव आवरणं आणि संयुक्त राष्ट्रांची माणसं व इमारती सांभाळणं ही तिची मुख्य कामं. दुसरा मार्ग एकेकट्या नेमल्या जाणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांचा. त्यांना प्रशिक्षणाचा काळ सोडून निदान पाच वर्षांची सेवा लागते. हे अधिकारी स्थानिक पोलिसांना तपास, नोंदी, कोठडीचे नियम शिकवतात. ज्यांनी ठाण्यात प्रत्यक्ष गुन्ह्यांचा तपास केला आहे त्यांना इथे खरी किंमत आहे.

तिसरं दार नागरी पदांचं. वर्दी नसलेल्यांना हाच रस्ता, त्याबद्दल पुढे सविस्तर येईल. युरोपीय संघ, आफ्रिकी संघ, युरोपातली सुरक्षा व सहकार्य संघटना यांच्याही मोहिमा असतात आणि तिथेही बहुतेक माणसं सरकारांमार्फतच जातात.

वर्दीतल्या नवख्या मुलीने मला विचारलं, तर मी एकटीने जायच्या पदांकडे आधी बघायला सांगेन. तुकडीत कोण जाणार हे पलटण ठरवते, तिथे तुमच्या हातात फारसं काही नसतं. निरीक्षक, स्टाफ ऑफिसर किंवा पोलीस अधिकारी म्हणून जाताना मात्र तुमची स्वतःची तयारी मोजली जाते.

नियम पाठ असू द्या, ते कामाला येतात

३१ ऑक्टोबर २००० रोजी, नामिबियाकडे अध्यक्षपद असताना, सुरक्षा परिषदेने ठराव १३२५ एकमताने मंजूर केला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नामिबियाच्या राजधानीत झालेल्या विंडहोक जाहीरनाम्यात शांतिमोहिमांमधल्या महिलांच्या वाट्याचा विषय आलेलाच होता. शांतता आणि सुरक्षेच्या निर्णयांत महिलांचा सहभाग हवा, संघर्षात त्यांचं संरक्षण व्हायला हवं, हे परिषदेने पहिल्यांदा एवढ्या स्पष्टपणे मांडलं. त्यानंतर ठरावांची रांगच लागली. तुमच्या कामाचा आहे तो २८ ऑगस्ट २०२० चा ठराव २५३८. इंडोनेशियाने मांडलेला हा ठराव खास शांतिमोहिमांतल्या महिलांवरचा पहिलाच.

ठरावांपेक्षाही उपयोगी पडतात ती २०१८ साली आखलेली उद्दिष्टं. २०२८ पर्यंत लष्करी तुकड्यांत १५ टक्के, निरीक्षक व स्टाफ ऑफिसरांत २५ टक्के, एफपीयूमध्ये २० टक्के आणि एकेकट्या पोलीस अधिकाऱ्यांत ३० टक्के महिला असाव्यात असं ठरलं आहे. १९९३ मध्ये वर्दीतल्या शांतिसैनिकांत महिला होत्या एक टक्का. २०२० मध्ये लष्करी तुकड्यांत हे प्रमाण ४.८ टक्के आणि एफपीयूत १०.९ टक्के होतं. म्हणजे सर्वांत मागे आहेत त्या लष्करी तुकड्या.

हे आकडे पाठ करायचं कारण व्यवहाराचं आहे. देशाने निरीक्षक आणि स्टाफ ऑफिसरांत पुरेशा महिला दिल्या नाहीत, तर ती जागा दुसऱ्या देशाकडे जाऊ शकते. तुमच्या खात्यातल्या यादी करणाऱ्या अधिकाऱ्याला ही काळजी असते. म्हणून अर्जाबरोबर दोन ओळींचं टिपण जोडा आणि तुम्ही ज्या पदासाठी अर्ज करताय त्याचं उद्दिष्ट त्यात लिहा. अधिकारावर भाषण नको. आकडा समोर आला की फाईल हलते.

अर्ज मात्र लेखी द्या आणि पोच घ्या. "तिला लहान मूल आहे, ती जायची नाही," असं परस्पर ठरवून नाव गाळलं जाणं ही बायकांच्या वाट्याला येणारी सर्वांत सर्रास अडचण आहे. ठरवणारा बहुतेक वेळा चांगल्या मनाने ठरवतो, म्हणून तर ती लवकर लक्षातही येत नाही. तुमची तयारी कागदावर असली की परस्पर ठरवायला जागा उरत नाही.

गाडी, भाषा, पिस्तूल

पोलिसांची निवड करायला संयुक्त राष्ट्रांचं पथक येतं किंवा त्यांच्या पद्धतीने चाचणी घेतली जाते. तिचे भाग तीन: भाषा, वाहन आणि जिथे पोलीस सशस्त्र असतात तिथे नेमबाजी. यातली वाहनाची चाचणी अनेक चांगल्या अधिकाऱ्यांना घरी पाठवते.

कारण उघड आहे. बहुतेक दलांत साहेबांना किंवा मॅडमना चालक असतो. पुरुष अधिकारी तरी हौसेने जीप हातात घेतात. बाईने स्टिअरिंग मागितलं की "मॅडम, तुम्ही बसा, मी आहे ना" असं ऐकू येतं आणि दहा वर्षांची सेवा मागच्या सीटवर बसून निघून जाते. परवाना पाकिटात असतो, पण गिअर टाकताना हात अडखळतो. चाचणीत मिळते ती उंच, जड, हाताने गिअर बदलायची फोर बाय फोर. ती शंकूंच्या मधून मागे घ्यायची, अरुंद जागेत लावायची, चढावर थांबवून पुन्हा उचलायची आणि मग रस्त्यावर चालवून दाखवायची.

तेव्हा निवडीचं परिपत्रक यायची वाट पाहू नका. आठवड्यातून दोनदा मोठी गाडी स्वतः चालवा आणि त्यातला निम्मा वेळ फक्त मागे घेण्यात घालवा. सीट आणि आरसे स्वतःच्या उंचीप्रमाणे बसवायची सवय लावा. उंची कमी असेल तर पाठीला उशी घेऊन सराव करा आणि चाचणीलाही तीच उशी घेऊन जा. काँगो, दक्षिण सुदान, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक या देशांत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग डावीकडे असतं. ज्यांना उलटी सवय आहे त्यांनी अशी गाडी मिळाली तर सोडू नये. उजव्या हाताने गिअर टाकायला मेंदू दोन दिवस कुरकुर करतो, मग जमतं. चाक बदलणं आणि चिखलातून गाडी काढणंही शिकून घ्या. पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावर गस्त रुतली की उतरून धक्का सगळ्यांनाच मारावा लागतो.

भाषेच्या चाचणीत व्याकरणापेक्षा अहवाल जास्त महत्त्वाचा असतो. रेकॉर्ड केलेला संदेश ऐकवतात आणि त्यावरून घटनेचा अहवाल लिहायला सांगतात. नवख्यांचा अहवाल असा असतो: "सकाळी पुलाजवळ काही बंडखोर आले आणि त्यांनी लोकांना घाबरवलं." यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कच्चा आहे. सकाळी म्हणजे किती वाजता? काही म्हणजे किती? बंडखोर आहेत हे कुणी ठरवलं? नीट अहवाल असा: "०६४० वाजता, पुलाच्या उत्तर टोकाला, अंदाजे १२ हत्यारबंद पुरुष दिसले. गणवेश नव्हता. त्यांनी दोन मोटारसायकली थांबवल्या. गोळीबार झाला नाही. माहिती देणारी: घटनास्थळी हजर असलेली विक्रेती. इतर स्रोताकडून खातरजमा बाकी." पाहिलेलं, ऐकलेलं आणि तुम्हाला वाटलेलं या तीन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या, तर निम्मी चाचणी पार पडली. रोज एक बातमी ऐका आणि तिचा असा सहा ओळींचा अहवाल इंग्रजीत लिहा. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही रेडिओवरची वर्णमाला झोपेतही म्हणता यायला हवी.

फ्रेंच येत असेल तर तुमचं नाव वर सरकतं. काँगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या मोहिमांना फ्रेंच बोलणाऱ्या महिला अधिकाऱ्यांची गरज असतेच. वर्षभराचा अभ्यास पुरेसा होतो असं मी म्हणणार नाही, पण दोन वर्षं नेटाने केली तर मुलाखतीपुरती भाषा येते.

नेमबाजीसाठी खात्याचा वार्षिक सराव पुरत नाही. रेंज मिळेल तेव्हा जा. गोळ्या मिळत नसतील तर रिकाम्या पिस्तुलाने पकड आणि ट्रिगरचा सराव करा.

फाईल

पासपोर्ट काढून ठेवा, मुदत भरपूर हवी. गोपनीय अहवालांच्या प्रती, सेवेचा दाखला, वाहन परवाना, लसीकरणाची नोंद एका जागी असू द्या. पिवळ्या तापाची लस आयुष्यात एकदाच घ्यावी लागते, पण प्रमाणपत्र लागू होतं ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी. विभागीय चौकशी चालू असेल तर नाव अडकतं. मानवी हक्कांच्या उल्लंघनाचा आरोप तुमच्यावर नाही, हेही लिहून द्यावं लागतं. वैद्यकीय तपासणी लवकर करा. दातांची सुद्धा, कारण दुर्गम तळावर दाढ दुखायला लागली तर दंतवैद्यापर्यंत पोचायला हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागते.

वर्दी नसेल तर

शांतिमोहिमेत हिशेब ठेवणारे, अभियंते, विमानवाहतूक बघणारे, मानवी हक्क अधिकारी, राजकीय विश्लेषक, रेडिओ चालवणारे असे कितीतरी नागरी लोक असतात. २००९ च्या ठराव १८८८ नंतर महिला संरक्षण सल्लागार हे पदही आलं. जाहिराती संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत नोकरी संकेतस्थळावर येतात आणि अर्ज इन्स्पिरा या प्रणालीतून भरायचा असतो. आंतरराष्ट्रीय पदांना बहुधा पदव्युत्तर पदवी लागते. ती नसेल तर पदवी आणि जास्तीची दोन वर्षं अनुभव चालतो.

सुरुवातीला या पदांच्या मागे लागू नका, असं माझं मत आहे. बॉनमध्ये मुख्यालय असलेला संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रम, म्हणजे यूएनव्ही, हा नवख्यांसाठी खरा उंबरठा. १८ ते २६ वयोगटासाठी वेगळ्या जागा असतात, २७ नंतर तज्ज्ञ स्वयंसेवक म्हणून जाता येतं. स्वयंसेवक म्हटलं तरी निर्वाह भत्ता आणि विमा मिळतो. ३२ पर्यंतच्या पदवीधरांसाठी यंग प्रोफेशनल्स प्रोग्राम ही परीक्षा आहे, पण त्या वर्षी तुमचा देश यादीत असेल तरच ती देता येते.

मुलाखतीत "तुमचे गुण सांगा" असं विचारत नाहीत. "सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा तुम्ही काय केलंत?" असं विचारतात. उत्तरात प्रसंग, तुम्ही केलेली कृती आणि परिणाम यायला हवा. "आम्ही केलं" असं सांगत राहायची आपली सवय इथे नडते. तुम्ही काय केलंत, तेवढंच सांगा.

एक सावधगिरी. अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण, कशासाठीही संयुक्त राष्ट्रं पैसे घेत नाहीत. पैसे मागणारा माणूस लबाड आहे, मग त्याच्या पत्रावर निळं बोधचिन्ह असो वा नसो.

आणि वास्तव हेही, की मोहिमा आटत चालल्या आहेत. मालीतली मोहीम २०२३ अखेर बंद झाली. लेबनॉनमधल्या मोहिमेचं काम २०२६ च्या डिसेंबरअखेर थांबवायचं ठरलं आहे. नागरी जागांसाठी स्पर्धा वाढणार आहे. हातातली नोकरी सोडून अर्ज करत बसू नका.

निघण्यापूर्वी

प्रत्येक देशाने पाठवण्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या ठरलेल्या अभ्यासक्रमावर प्रशिक्षण द्यायचं असतं. ऑनलाइन सुरक्षा अभ्यासक्रम बीसेफ मोफत आहे, तो निवडीआधीच पूर्ण करून प्रमाणपत्र फाईलला लावा. महिला लष्करी अधिकाऱ्यांसाठी खास अभ्यासक्रमही असतो. नवी दिल्लीत २०१५ मध्ये तो पहिल्यांदा झाला.

सामानाच्या यादीत कुणी लिहीत नाही त्या गोष्टी अशा: बुलेटप्रूफ जाकीट आणि हेल्मेट निघण्याआधी घालून बघा. पुरुषांच्या मापाचं जाकीट छातीवर वर चढतं आणि कमरेशी उघडं राहतं. माप लेखी कळवा, बदलून मागा. मासिक पाळीचं साहित्य पूर्ण मुदतीचं न्या. लांबच्या गस्तीवर आडोसा मिळत नाही म्हणून अनेक जणी पाणीच कमी पितात. चाळीस अंशांच्या उन्हात याचा शेवट मूत्रमार्गाच्या संसर्गात किंवा उष्माघातात होतो. गस्तीच्या आखणीतच थांबे मागून घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही. तो नियोजनाचा मुद्दा आहे आणि पुरुषांनाही त्याचा फायदा होतो.

मोहिमेत गेल्यावर

जानेवारी २००७ मध्ये लायबेरियात भारताच्या सीआरपीएफमधल्या शंभराहून अधिक महिलांची एफपीयू उतरली. अशी ती पहिलीच. राजधानी मोनरोव्हियात रात्रीची गस्त, अध्यक्षांच्या कार्यालयाचा पहारा हे त्यांचं रोजचं काम होतं. २०१६ पर्यंत तुकड्या बदलत राहिल्या. त्या काळात लायबेरियाच्या पोलीस दलातल्या महिलांचं प्रमाण वाढत गेलं आणि अध्यक्ष एलेन जॉन्सन सरलीफ यांनी त्याचं श्रेय या तुकड्यांना दिलं.

हे उदाहरण सगळीकडे दिलं जातं आणि मग त्यातून एक अपेक्षा तयार होते, की महिला शांतिसैनिक म्हणजे गावातल्या बायकांशी बोलणारी. बोलायला हवंच. काँगोतल्या मोहिमेत अशा पथकाचं नेतृत्व करणाऱ्या मेजर राधिका सेन यांना २०२३ चा संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. पण नॉर्वेच्या क्रिस्टिन लुंड २०१४ मध्ये सायप्रसमध्ये फोर्स कमांडर झाल्या, शांतिसेनेच्या इतिहासातल्या पहिल्या महिला फोर्स कमांडर, त्या पूर्ण दलाचं नेतृत्व करायला. तुम्ही अभियंता असाल तर पूल बांधा. सिग्नलच्या असाल तर दळणवळण सांभाळा. पाहुणे आले की पुढे उभं करायचं आणि गस्त निघाली की तळावर ठेवायचं, असं होत असेल तर पहिल्या महिन्यातच कमांडरकडे विषय काढा. सहाव्या महिन्यात काढून उपयोग नसतो.

गावात बोलायची वेळ आली तर सरळ हिंसेबद्दल विचारू नका. पाणवठ्यावर कुठल्या वाटेने जाता, ती वाट हल्ली बदलली का, बाजार नेहमीच्या दिवशी भरला का, मुली शाळेत जातायत का, एवढंच विचारा. वाट बदलली असेल तर तिथे काहीतरी घडलंय, हे त्या न सांगताही कळतं. कुणी स्वतःहून अत्याचाराबद्दल सांगितलं, तर ऐका, पण खोदून जबाब घेऊ नका. वैद्यकीय मदत कुठे मिळेल ते सांगा आणि तिची परवानगी असेल तरच मानवी हक्क किंवा संरक्षण विभागाला कळवा. नाव उघड झालं तर तुम्ही मुदत संपवून निघून जाल, ती मात्र तिथेच राहणार आहे.

लैंगिक शोषणाबाबतचे २००३ पासूनचे नियम स्पष्ट आहेत. १८ वर्षांखालील व्यक्तीशी संबंध आणि पैसे, अन्न किंवा नोकरीच्या बदल्यात संबंध यांना पूर्ण मनाई आहे. स्थानिक कायदा काहीही म्हणो. सहकाऱ्याकडून तुम्हालाच त्रास झाला तर मोहिमेतल्या आचरण व शिस्त विभागाकडे तक्रार करता येते. पण एक कटू गोष्ट माहीत असू द्या. तुकडीतल्या सैनिकावर खटला चालवायचा अधिकार त्याच्या स्वतःच्या देशाकडे असतो आणि तक्रार फिरून तिथेच येते. म्हणून तारीख, वेळ, साक्षीदार यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा आणि तिची एक प्रत तळाबाहेरच्या विश्वासातल्या माणसाकडे पाठवा.

मुदत संपताना

बहुतेक मोहिमांत ९० दिवसांच्या सेवेनंतर संयुक्त राष्ट्रांचं पदक मिळतं. ते छातीवर छान दिसतं, पण पुढच्या निवडीला लागतं ते कामगिरीचं मूल्यमापन. निघायच्या निदान दोन आठवडे आधी ते वरिष्ठांच्या सहीनिशी हातात घ्या, कारण तेही वर्षभराने दुसऱ्या देशात परतलेले असतात आणि मग सही मिळवणं कर्मकठीण. मागून येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी कामाची टिपणं लिहून ठेवा. मूळ खात्यात रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मोहिमेची नोंद सेवापुस्तकात करून घ्या आणि पुढच्या निवड चाचणीचं परिपत्रक निघालं की ते ठाण्यातल्या, पलटणीतल्या प्रत्येक महिलेच्या हातात पडेल, अशी व्यवस्था करा.